टेकाडापलीकडचे

आमच्या गावात परदेशाला कुणी परदेश म्हणत नाही, 'टेकाडापलीकडे' म्हणतात. रशियातल्या स्मोलेन्स्ककडचा हा सगळा मुलूख तव्यासारखा सपाट. आडवा डोंगर नाही की दरी नाही; पश्चिमेला तेवढं एक टेकाड. गावातली ग्लाफिरा लहान असताना त्याच्यावरून परके सैनिक उतरले आणि तिची गाय अन् तिचा बाप, दोघांनाही घेऊन गेले. तेव्हापासून धुकं पडलं की तिला वाटे, टेकाड हळूहळू चालत घराकडे येतंय.

दुधानं तोंड पोळलेली बाई ती! तिनं घराला कुंपण घातलं. मग त्या कुंपणाला कोण राखणार? म्हणून त्याच्या बाहेर दुसरं. दरवर्षी बर्फ वितळलं की खुंट थोडे पुढे सरकत. विहिरीची वाट आत आली, सफरचंदाचं झाड आत आलं, शेवटी टेकाडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या उस्तिन्याचे बटाट्याचे वाफेही आले.

उस्तिन्या तिची बालमैत्रीण. तिला लाडानं 'ग्लाशा' म्हणणारं गावात एवढं एकच माणूस उरलं होतं. संध्याकाळी समोवार, म्हणजे चहाचा बंब, तापवून दोघी गप्पा मारत बसत.

"अगं, तू राजधानीतच बसायला हवी होतीस," उस्तिन्या चहा फुरकत टोमणा मारी. "तिथल्या मोठ्या लोकांचंही हेच. एक शीव राखायला त्यांना दुसरी शीव लागते. तुझ्या भीतीनं माझे बटाटे खाल्ले की गं!"

"तुझ्याच भल्यासाठी करते," ग्लाफिरा म्हणे, आणि तिला ते अगदी मनापासून खरं वाटे.

यंदा तिनं ठरवलं, टेकाडच आत घ्यायचं; एकदाची सुखाची झोप तरी लागेल. खुंट काखोटीला मारून ती जन्मात पहिल्यांदा वर चढली. पलीकडे काय होतं? तसलंच रान, तसलंच धुकं, आणि दूरवर आणखी एक टेकाड. 'आता तेही घ्यायला हवं,' तिच्या मनात आपसूक आलं.

तेवढ्यात खालून ठोकाठोक ऐकू आली. पाहते तो काय, उस्तिन्या आपल्या अंगणाला कुंपण घालत होती!  ग्लाफिरा धडपडत खाली आली.

"उस्त्या, कोण येतंय गं?"

"टेकाडापलीकडचे." उस्तिन्याचा हातोडा थांबला नाही.

"अगं, मी आत्ताच बघून आले. तिकडे चिटपाखरू नाही!"

"इथं उभ्या राहून बघा, ग्लाफिरा तिखोनोव्ना," परक्या बाईला हाक मारावी तसं बापाच्या नावासकट नाव घेत उस्तिन्या शांतपणे म्हणाली. "आत्ता टेकाडावरून कोण उतरलं?"

 ग्लाशा म्हणणारं गावात आता कुणीच नव्हतं.