पिंप्राळ्याचं थेट प्रक्षेपण

विलायतेतल्या एका ऱ्हिदम अँड ब्लूजवाल्या बँडवर पिंप्राळ्यातल्या माझ्या घरमालकांइतका हक्क जगात कुणाचाच नाही. खुद्द त्या बँडचाही नाही. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणते. तरुणपणी धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला असताना आबा संध्याकाळी रेडिओला चिकटून बसत. लंडनहून त्या बँडचं थेट प्रक्षेपण लागलं की रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, घरादाराला श्वास रोखायला लावायचा आणि सगळं टिपून घ्यायचं. घरच्यांनी श्वास रोखला, पण शेजाऱ्यांच्या म्हशीला कोण सांगणार? एका कॅसेटवर माउथऑर्गन ऐन रंगात आलेला असताना ती अशी काही रेकते की वादकसुद्धा क्षणभर दचकल्यासारखे वाटतात. पुण्याच्या भाच्याने त्याच कार्यक्रमांची स्वच्छ केलेली सीडी कौतुकाने आणून दिली, तर आबा ऐकून आपल्या अहिराणीत हळहळले, "बठ्ठं साफ करी टाकं यास्नी! मन्ही म्हैस कोठे गयी?"

दर रविवारी चार वाजता आबांच्या ओट्यावर या कॅसेटींची मैफल भरते. चपला बाहेर, मोबाइल बंद, आणि टेपमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की आपणही वाजवायच्या. कुणी चुकलंच तर आबा टेप मागे नेऊन ते गाणं सगळ्यांना पुन्हा ऐकवतात, त्यामुळे सहसा कुणी चुकत नाही. सुरुवातीला रेडिओसारखं निवेदन हवंच. ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं. आता मी बोलताना अडखळतो, म्हणजे स्वतःचं नाव सांगायलाही मला अर्धं मिनिट लागतं. यापायीच प्राध्यापकाच्या दोन मुलाखती हातच्या गेल्या होत्या आणि अमळनेरची तिसरी तीन महिन्यांवर आली होती. मी हात जोडले. आबांनी एक कॅसेट लावली. तिच्यात गायक चक्क एक ओळ आधीच घुसतो. वादक तोच तुकडा फिरून वाजवतात आणि त्याला सांभाळून घेतात.

"चुकना ना? थांबना का?" आबांनी विचारलं. "लाइव्ह शे भाऊ. पुढे चाल."

मग मी दर रविवारी निवेदन केलं. 'नमस्कार' मधल्या 'न'वर माझी गाडी रुतली की पंधरा माणसं चिडीचूप बसायची. शेजारच्या अक्कांनी एकदा न राहवून शब्द पुरवला, तर आबा डाफरले, "अक्का, त्याला येतंय ना? येऊ द्या!" अमळनेरला मुलाखतीत मी नावावर अडकलोच. पण घाम पुसला, फिरून सुरुवात केली आणि दिलेला धडा शेवटपर्यंत शिकवला. नोकरी लागली, मी तिकडे राहायला गेलो.

परवा आबांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी हसत हसत एक कॅसेट लावली. गाण्याऐवजी आतून मीच निघालो, 'न-न-न' करत. कॅसेटच्या कडेची खुंटी मोडली की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही, म्हणून आबांनी सगळ्या कॅसेटींच्या मोडून टाकल्या आहेत. या एकीच्या भोकावर मात्र, पुन्हा टेप करता यावं म्हणून, चिकटपट्टी लावलेली होती.

"आबा, गाणं पुसलं?"

"गाना दुसराकडे बी भेटतीन," ते म्हणाले. "तुन्हं बोलनं कोठे भेटी?"

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आभार मानायला तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. आबा कितीतरी वेळ शांतपणे थांबले. तरी मला ते म्हणता आलं नाही, म्हणून आज हे लिहितो आहे.