तिसरं पत्र

ते प्राध्यापक अन् त्यांचं बंद घर मी आजवर विसरलेलो नाही. तेव्हा मी पेडण्याला पोलीस निरीक्षक होतो.

हे गृहस्थ हळर्णच्या शेतकरी घरातले. मॅनेजमेंट कॉलेजात तीस वर्षं अकाउंटन्सी शिकवून निवृत्त झालेले. एका पतसंस्थेतल्या अपहाराच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून त्यांची साक्ष व्हायची होती. आठवडा उरला होता.

आमच्या बीट हवालदाराला दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराकडून खबर मिळाली: सर दार उघडत नाहीत, पाव खिडकीच्या गजांतून घेतात. मी साध्या वेशात गेलो. भर दुपारी सगळ्या खिडक्या बंद. दार किलकिलं करून सर म्हणाले, तब्येत बरी नाही, बाकी काही नाही. बोलताना त्यांचा हात कडीवरून हलला नाही. शेवटी त्यांच्या पत्नीच पुढे आल्या.

"सायबा, दोन पत्रां इली. चेडू डिचोलीसून खंयच्या बसान येता, ता सुद्दा लिवलेला आसा. माका भंय दिसता."

पत्रं निनावी होती. साक्ष दिलीत तर मुलगी घरी पोचणार नाही, असा मजकूर. मी ती ताब्यात घेतली, मुलीच्या मागे साध्या वेशातली महिला पोलीस ठेवली. पतसंस्थेच्या अध्यक्षाची दोन दिवस चौकशी केली, हाती काहीच आलं नाही.

मग पत्रं पुन्हा वाचताना एक ओळ खटकली: 'आधीच्या दोन पत्रांनी शहाणे झाला नाहीत.' म्हणजे हे तिसरं. मधलं कुठे होतं?

मी विचारल्यावर सरांनी ते कपाटातून काढलं. त्यात बसची वेळ चुकली होती. चुकीवर पट्टीनं एक सरळ रेघ मारून वर बरोबर वेळ लिहिली होती.

"चूक गिरगटायची नाही, एक रेघ मारायची, हे मीच शिकवलं," ते म्हणाले. "पट्टी लावून मारणारा एकच होता. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी."

तो त्या पतसंस्थेचा व्यवस्थापक होता. ठाण्यात तो तासभर सगळं नाकारत राहिला. मी पत्र समोर ठेवल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "सरांनी ओळखलं?" त्यानंतर कबुली लिहून घ्यायला वेळ लागला नाही.

सरांनी साक्ष पूर्ण दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याच्या आईला आता कोण सांगणार?"

साक्षीदार काही लपवतोय असं दिसलं की पूर्वी मी आवाज चढवायचो. पुढे नोकरी संपेपर्यंत आधी एवढंच शोधत राहिलो, की हा कुणाला भितोय आणि कुणासाठी भितोय.