पहिला गिअर टाकताना

एक्कावन्नाव्या वर्षी स्पोर्ट बाइक घेतलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. एक उघड, ‘किती देते?’ दुसरा कोणी बोलून दाखवत नाही. तो गाडीवरून सुरू होऊन माझ्या पोटावर येऊन थांबणाऱ्या नजरेत असतो.

बायकोने दोन्ही विचारले नाहीत. तिने अट घातली.

“वीस वर्षं तुमच्या स्कूटरवर बसले. आता या वीतभर सीटवरही एकदा बसून बघीन. पण रस्त्यात बंद पडली तर तिथेच उतरणार, आणि परत बसणार नाही. सांगून ठेवते.”

मुहूर्त ठरला तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचा. डिलाईल रोडच्या आमच्या घरापासून शिवाजी पार्कला तिच्या बहिणीकडे. मी हसलो. नवीकोरी गाडी कशाला बंद पडेल? पण आतून मला ती अट लागली होती. घरात आई, टीव्ही आणि कुकर यांच्यामधून आम्हा दोघांच्या वाट्याला बोलणं फारसं येत नाही. जे काही बोललो ते स्कूटरवर, तिने माझ्या हेल्मेटपाशी तोंड आणून. स्कूटर गेली, आता मागची सीटही रिकामीच राहिली तर?

गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मेकॅनिकने बरंच समजावलं होतं. सुरुवातीला जास्त पळवायची नाही, ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला तर घाबरायचं नाही, स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं. मी मान डोलावत होतो. खरं तर माझं लक्ष फोटोत पोट आत घेण्याकडे होतं.

घरी आल्यावर आईने नारळ फोडला आणि लिंबू-मिरची घेऊन पुढे झाली. मी आडवा आलो.

“आई, समोर नको गं. लूक जातो.”

“लूक गेलो चुलीत! लोकांची नजर बरी नसता, झिला. दिष्ट लागतली.”

शेवटी तोडगा मीच काढला. खाली बांध, कुणाला दिसणार नाही अशी. आईने स्टँडच्या स्प्रिंगपाशी काळ्या दोऱ्याने ती नीट बांधली आणि बजावलं, “सोडू नको हां. आज बारीकसां लिंबू गावलां, शनवारी मी बदलतंय.”

पहिल्या शनिवारी संध्याकाळी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि इंजिन गप्प. पुन्हा सुरू केली, पुन्हा गप्प. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. मी फोन आल्यासारखं करून खाली उतरलो, गाडी स्टँडवर लावली, काही वेळाने स्टँड काढून पुन्हा बसलो, तर निघाली! नेमकं त्या क्षणी मी मनात गणपतीचं नाव घेत होतो, त्यामुळे श्रेय त्याला गेलं.

रविवारी दोनदा तेच. सोमवारीही. बुधवारनंतर गाडी गुणी बाळासारखी वागली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रुसली. पेट्रोलपंप बदलून पाहिला. शनीची साडेसाती कुणाला आहे, हे कॅलेंडरच्या मागे गुपचूप वाचलं. झोपेतही माझा डावा पाय पहिला गिअर टाकत असावा, कारण एकदा बायको म्हणाली, “लाथा काय मारताय?”

पुढच्या सोमवारी ऑफिसला उशिरा येतो असं कळवून सर्व्हिस सेंटर गाठलं. पण वळणावर थांबून आधी लिंबू-मिरची सोडवून डिकीत... स्पोर्ट बाइकला डिकी नसते, म्हणून खिशात ठेवली. तिथली पोरं हसतील ही भीती. स्पोर्ट बाइकवाल्याने निदान तिथे तरी स्पोर्ट बाइकवाल्यासारखं दिसावं.

मेकॅनिक चक्कर मारून आला. “काका, गाडी एक नंबर आहे. क्लच लवकर सोडत असाल तुम्ही.”

“मी तीस वर्षं गाडी चालवतोय.”

“स्कूटर ना?” तो म्हणाला.

परतताना त्याच वळणावर लिंबू-मिरची पुन्हा बांधली. आई तपासते. घरी पोचून गाडी लावताना ती पुन्हा बंद पडली. मंगळवारी पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा खिसा, पुन्हा ‘एक नंबर’. आता तर मेकॅनिक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला होता.

आणि तो रविवार आला. आदल्याच दिवशी आईने चांगलं टपोरं, रसदार लिंबू बांधलं होतं. सून बसणार म्हणून.

बायको चढली आणि माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. घराजवळच्या सिग्नलला गाडी निघाली. पुढच्यालाही निघाली. तिने हेल्मेटपाशी तोंड आणून काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पुढचा सिग्नल लाल होऊ नये, एवढंच मी मागत होतो.

दादरच्या फूलबाजाराजवळ तो लाल झाला. हिरवा झाला. गिअर टाकला. गप्प.

मागून हॉर्न सुरू झाले. एक टॅक्सीवाला ओरडला, “ओ चाचा, हीरोगिरी बाद में!” दोन, तीन, चार वेळा बटण दाबलं. खांद्यांवरचे हात सुटले.

“उतरले मी,” बायको म्हणाली.

मी समोरच बघत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

“अहो, हा स्टँड पूर्ण वर का जात नाहीये?”

“जातो गं तो.”

“कुठे जातो? लिंबू चेपलंय मध्ये. बघा तरी!”

बघितलं. ते टपोरं लिंबू खड्ड्यांच्या धक्क्यांनी सरकून स्टँड आणि गाडीच्या मध्ये बसलं होतं, आणि स्टँड बोटभर खाली राहिला होता. गाडी बिचारी शिकवल्याप्रमाणे इंजिन बंद करत होती. बुधवारपर्यंत लिंबू सुकायचं आणि तिची तब्येत सुधारायची. दोन्ही वेळा मी सगळा आजार खिशात घालून डॉक्टरकडे गेलो होतो.

बायकोने वाकून दोरा सोडवला. लिंबू रस्त्यावर टाकायचं नाही, म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मी बटण दाबलं, गिअर टाकला, इंजिन सुरूच राहिलं. ती मात्र खालीच उभी.

“अट लक्षात आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिने टॅक्सीवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “गाडी नाही बंद पडली. तुम्ही पाडलीत. त्यासाठी अट नव्हती.” आणि चढली.

घरी आईला सगळं सांगितलं. तिला जराही धक्का बसला नाही. “बघ, दिष्ट केवढी होती! लिंबू चेपलां, तू वाचलंस.” आता लिंबू-मिरची समोर लटकते. लूक गेला.

धाकधूक मात्र पूर्ण गेली नाही. अजूनही सिग्नलला पहिला गिअर टाकताना मी मनात गणपतीचं नाव घेतो. तेवढ्यात मागून वाकून बघितल्याचा भार जाणवतो, आणि हेल्मेटपाशी आवाज येतो, “वर आहे. चला.” मग ती अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू करते.