वत्सला गिऱ्हेचे दोन निबंध

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या मेहकरच्या घरी पोरांची शाळेची घाई, ह्यांचं अंघोळीचं पाणी आणि तव्यावरची भाकरी, असं सगळं एकदमच चाललं होतं. तेवढ्यात कडी वाजली. दारात पोस्टमन मोतीराम, हातात परदेशी तिकिटांचं पाकीट.

"वहिनी, हे वत्सला गिऱ्हे कोन बाई हाय? सारी आळी फिरून राह्यलो. समोर राऊताच्या घरी पुसलं, तं गोजरबाई म्हने, आमच्या इथं नाई बा अशी कोनी."

मी समोर पाहिलं. राऊतांची सून सिंधू ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

"माझ्यापाशी ठेव," मी म्हणाले. "ओळखीची आहे माझ्या."

"पाहा बा! बाई सापडली नाई, तं माही नोकरी खासान तुमी," म्हणत तो हसत गेला.

सिंधू म्हणजेच वत्सला. साखरखेर्ड्याच्या रंगराव गिऱ्हेंची लेक. त्यांचा कांद्याचा, भाजीपाल्याचा मळा. ही नागपूरला एम.एस्सी. झाली आणि तिथंच सरांच्या हाताखाली संशोधनाला राहिली. पांढऱ्या कांद्याच्या कोवळ्या मुळांची टोकं कापायची, रंगवायची आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती पेशी दुभंगतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. त्यावर तिचे दोन निबंध छापून आले. मग राऊतांच्या मुलाशी लग्न झालं. नवऱ्यानं, माणिकरावांनी, ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'सिंधू' लिहिलं आणि पेढे वाटले. माझंही नाव असंच बदललं होतं, पण माझं जुनं नाव कुठं छापलेलं नव्हतं. गोजरबाई मोतीरामशी खोटं बोलल्या नव्हत्या. सुनेचं माहेरचं नाव त्या खरंच विसरल्या होत्या.

राऊत मंडळी वाईट नव्हेत. 'आमची सून एम.एस्सी. हाय' हे प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागे. पण आधी नागपूरच्या सरांची कार्डं यायची. कुणी आपल्या लेखात तिच्या निबंधाचा आधार घेतला, की सर कळवायचे. ती मागच्या दारानं येऊन मला सांगायची, "वहिनी, आता जपानात!" एकदा असं एक कार्ड सासऱ्यांच्या हाती पडलं. त्यांनी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हे मास्तर आपल्या सुनेले काऊन लिहून राह्यले?" माणिकराव ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "त्यायले कळव, आता लिहू नका." तिनं तसं कळवलं.

म्हणूनच या पाकिटावरचा नागपूरचा पत्ता खोडून सरांनी नुसतं 'मेहकर' लिहिलं असावं. सासरचं नाव टाकायची त्यांनाही धास्ती.

दुपारी सिंधू विरजण मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन आली. पाकीट उघडून तिनं उभ्याउभ्याच वाचलं. आधी हसली, मग फरशीवर बसलीच.

पत्र पोलंडच्या एका संशोधकाचं होतं. तिचा प्रयोग त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिला. मुळंच धड फुटेनात, तर पेशी कुठल्या मोजणार? गिऱ्हेंचे आकडे भरवशाचे नाहीत, असं तो लिहिणार होता. छापण्याआधी एकदा विचारावं म्हणून हे पत्र.

"नवा कांदा घेतला असन त्यानं," सिंधू म्हणाली. "नुकता काढलेला कांदा झोपेल असते, वहिनी. त्याले मुळं फुटत नाईत. कांदाचाळीत साठवलेला जुनाच घ्या लागते."

"मग निबंधात का नाही लिहिलंस तसं?"

"हे काय लिवाचं असते? आमच्याकडं शेंबडं पोट्टं बी जानते!"

मला हसू आलं. तिला मात्र आता येत नव्हतं.

"त्यानं छापलं, तं पुढं जो कोनी माहं नाव घेईन, तो चूक दाखवालेच घेईन. दोनच तं निबंध हायेत माहे. तिसरा काही होत नाई आता."

"मग लिही ना उत्तर. तिकिटं मी आणते."

"लिवलं तरी तो अजून पुसन. कांदा कोनता, किती महिन्याचा. ते पत्र येईन कुठं? मामंजी ओसरीवरून हालत नाईत."

"माणिकरावांना सांगून पाहा."

"मागं सांगतलं होतं. म्हने, आता कोनाले पडलं हाय त्याचं?"

समोरून गोजरबाईंची हाक आली, "सिंधू! विरजनाले इतका टाईम लागते का वं?"

"आली, आत्याबाई!" तिनं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं, वाटी उचलली आणि दाराशी थांबली.

"वहिनी, त्या मानसाले उत्तरासाठी तुमच्या घरचा पत्ता देऊ का?"