उद्या खायचा पाव

आखातात, सालमियात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीला लागून, एक लिथुआनियन बेकरी होती. मालकीण इथल्याच माणसाशी लग्न करून आलेली, आणि तिच्यामागून आलेले तिचे वडील भट्टी सांभाळायचे. म्हातारबाबांना इंग्रजी येत नव्हतं. अरबी एकच शब्द यायचा, बाचिर. म्हणजे उद्या.

पहिल्यांदा गेले ती जाब्रियाच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून, डोकं आधीच तापलेलं. फळीवरचा काळा पाव दाबून पाहिला तर हा घट्ट! कधीचा, म्हणून विचारलं. त्यांची मुलगी, म्हणजे मालकीणच, म्हणाली, कालचा. आणि आत टेबलावर फडक्याखाली वाफाळते पाव मांडलेले मला दिसत होते की! म्हटलं, त्यातला द्या. बाबांनी मान हलवली. "बाचिर." अहो, या गावात माणसं तंदूरसमोर रांग लावून, हात भाजेल अशी खुबूस रोटी घेऊन जातात, आणि हा गृहस्थ ताजा लपवून शिळा विकतो! "पैसे देऊन शिळं खायला मला काय वेड लागलंय?" असं चक्क मराठीत सुनावून मी बाहेर पडले.

मुलगी दारापर्यंत धावत आली. लोणी लावलेला एक तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला. हा राय नावाच्या धान्याचा पाव, गरम कापला तर आत नुसता चिकट लगदा, रात्रभर निवला की मग बसतो, असं तिनं इंग्रजीत समजावलं. खाल्ला. आंबूस, किंचित गोड, चावावं तशी चव वाढत जाणारी. आम्ही साताऱ्याकडची माणसं, दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीसाठी भावंडांत मारामाऱ्या केलेल्या. मला ते लगेच पटलं.

मग दर आठवड्याला जायला लागले. पाव हातात देताना बाबा भुवया उंचावून विचारायचे, मागचा कसा होता? मी म्हणायची, "ठीक." आमच्या घरात जेवण कितीही झकास झालं तरी ठीकच म्हणतात. जास्त कौतुक केलं तर रांधणारी डोक्यावर बसेल ना! बाबा मान डोलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

पण पुढची गिऱ्हाइकंच कमी व्हायला लागली. फोनवरच्या रेटिंगमध्ये कुणीकुणी लिहिलं, शिळा माल. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एक बाई म्हणाली, "अगं, कालचं खपवतो तो म्हातारा!" मी भांडले तर म्हणे, "तुला काय कमिशन आहे का गं?" इकडे मालकिणीनं मला सांगूनच टाकलं होतं, दुकानाचं भाडं निघत नाही, रमजानपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही तर बंद करावं लागेल. म्हटलं, मग बाबांना सांग ना, थोडं नमतं घ्या म्हणावं. ती म्हणाली, ते ऐकत नाहीत. हट्ट तरी किती करावा माणसानं! दुकान बुडेपर्यंत? मला त्यांचा अस्सा राग यायचा.

शेवटी एका दुपारी बाबा आडवे झाल्यावर तिनंच गरम पाव विकायला काढला. गर्दी झाली खरी. पण लोकांनी गाडीत बसूनच पाव कापले आणि तसेच परत घेऊन आले. मी तिथंच उभी होते. एका माणसानं अर्धवट कापलेला पाव काउंटरवर आपटला. "आत कच्चा आहे!" नेमके तेव्हाच बाबा उठून बाहेर आले. त्यांनी तो लगदा बोटानं चाचपला. तो पाव फडक्यात गुंडाळून आत घेऊन गेले, आणि मला भर दुकानात रडू आलं.

रमजान लागायच्या आधीच दुकान बंद करायचं ठरलं. दुकान बंद झालं की त्याच रात्रीच्या विमानानं बाबा परत गावी जाणार होते. शेवटच्या संध्याकाळी गेले तर फळ्या रिकाम्या, मुलगी खोकी बांधत होती. बाबांनी आतून माझ्यासाठी फडक्यात बांधलेला पाव आणला. हाताला चटका बसला.

"बाचिर," ते म्हणाले.

"उद्या कुठं असणार आहात तुम्ही?" मी मराठीतच बोलले. त्यांना काय कळणार? त्यांनी सवयीनं भुवया उंचावल्या. मागचा कसा होता? किती काय काय सांगायचं होतं, पण तोंडातून सवयीचंच निघालं. "ठीक."

घरी नवऱ्यानं लगेच सुरी काढली. मी त्याच्या हातावर चापटी मारली आणि पाव फ्रिजवर ठेवून दिला. सकाळी कापला तर सुरीला कणसुद्धा चिकटला नाही. तूप-मीठ लावून दोघं खायला बसलो. आमचा नवरा जन्मात कशाला चांगलं म्हणालेला नाही. तो दुसरा तुकडा उचलत म्हणाला, "फक्कड झालाय गं. जाऊन सांगून ये त्यांना."

आणि मग त्याच्याच लक्षात आलं.

"आता कुणाला सांगू?" मी म्हटलं.