गळका बंधारा

गवंड्याला आयुष्यात एक गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे गळती. त्याने बांधलेल्या टाकीला साधी ओल आली तरी तो भरल्या ताटावरून उठायचा. आणि नेमकं त्याच्या हातचं सगळ्यात मोठं काम, गावामागच्या ओढ्यावरचा लहानसा बंधारा, गळायचा. भिंत ठणठणीत होती. पाणी जायचं तळातून, खडकाच्या भेगांतून. पावसाळ्यात काठोकाठ भरलेला बंधारा उन्हाळा लागायच्या आत कोरडा.

"काय गवंडी, बंधारा बांधलात की चाळण?" चहाच्या टपरीवर वीस वर्षं हा एकच विनोद चालू होता. लोकांना त्याचा कंटाळा कसा येत नव्हता, कोण जाणे.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला त्याची थोरली बहीण एकटी राहायची. एक विहीर, भाजीचा मळा आणि ओढ्याकाठची सहा अंजिराची झाडं. ऐन उन्हाळ्यात तिच्या विहिरीला पाच हात पाणी असे, ओढ्यात घोटाभर धार असे, झाडांवर पाखरांचा नुसता कालवा.

"तुझं गळलेलं पाणी माझ्याकडेच येतं रे. गप बस," ती म्हणायची.

ताई लहानपणापासून आपली समजूत काढत आलीय, तसंच हेही, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. शहाणाच!

साठी उलटल्यावर त्याने कंबर कसली. बंधारा कोरडा पडल्यावर महिनाभर उन्हात गुडघ्यांवर रांगत त्याने खडकातली एकेक भेग सिमेंटने बुजवली, वर चिकणमाती चोपली. पुढच्या वर्षी भर उन्हाळ्यात बंधाऱ्यात निळंशार पाणी उभं राहिलं. लोक फोटो काढायला येऊ लागले. टपरीवर त्याला न मागता चहा मिळू लागला. गडी इतका खूश, की बहिणीकडे जायचंच राहून गेलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गेला तेव्हा मळ्यात धूळ उडत होती. ओढ्यात नुसते गोटे. अंजिरांच्या फांद्या काटक्यांसारख्या मोडत होत्या. त्याने विहिरीत खडा टाकला, तो ठक्‌ करून वाजला. बहीण पेटी भरत होती.

"लेकीकडे चाललेय."

"ताई, सांगितलं का नाहीस?"

"तुला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, एक वर्ष काढू. मग दुसरंही काढलं."

तो पहार घेऊन तडक बंधाऱ्यावर गेला. टपरीवरचे सगळे मागोमाग.

"अहो, डोक्यावर परिणाम झालाय का? डोळ्यांना कसं गार वाटतंय!"

"डोळे धुऊन घ्या आजच," तो म्हणाला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरला. काठाजवळच्या भेगा त्याला पाठ होत्या. आपल्याच हातचं पक्कं काम फोडताना तळहात सोलून निघाले. तिसऱ्या दिवशी पाणी घटाघटा आत जाऊ लागलं. उरलेल्या भेगा त्याने तळ उघडा पडेल तसतशा मोकळ्या केल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने बहिणीच्या विहिरीत दोरी सोडून पाहिली आणि तिथूनच तिला फोन लावला.

"ताई, पाच हात आहे."

"आणि अंजिरं?"

त्याने ओढ्याकडे पाहिलं. घोटाभर धार होती. काठावर सहा वाळकी खोडं होती. एकही पाखरू नव्हतं.

"गेली," तो म्हणाला.

पलीकडे नातवंडांचा गोंगाट चालला होता. परत कधी येतेस, हे त्याला विचारवेना.

"गळतोय ना आता?" तिने विचारलं.

"गळतोय."

"मग गळू दे. परत हात लावू नकोस."