साधनाने लावलेला फोन

साधना चाकणजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मूळची लातूरकडची, नवऱ्याला, शेखरला, कंपनीत काम मिळालं तेव्हा इकडे आली. मुलांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने योजना आखली, गावोगावी समित्या नेमल्या गेल्या, आणि सेविका म्हणून इथल्या समितीचं सचिवपद तिच्याकडे आलं. अध्यक्ष सरपंच सयाजीराव. अंगणवाडीही त्यांच्याच मालकीच्या खोलीत भरायची. बैठकीत साधना सगळ्यांच्या सह्या घ्यायची, बस.

एका दुपारी मुलांची खिचडी उरकल्यावर करिष्मा आली. सयाजीरावांच्या चाळीत राहणारी, नववीतली पोर.

“मॅडम, रविवारी माझं लग्न लावतायत. मला नाही करायचं.”

“सरपंचांना ठाऊक आहे?”

“मांडव तेच देतायत.”

साधनाने घरी सांगितलं तेव्हा शेखर म्हणाला, “आपण बाहेरचे. मी रात्रपाळीला गेलो की तू अन् पोरं एकटी. उद्या त्यांनी काही केलं तर?” त्याचं चुकत नव्हतं. तिने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

शनिवारी चाळीवरून जाताना करिष्माला हळद लागताना दिसली. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साधना तडक अंगणवाडीत गेली, आतून कडी लावली आणि मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन केला. आवाज इतका कापत होता की पलीकडच्या बाईंना पत्ता पुन्हा विचारावा लागला.

सकाळी पोलीस आणि बाल संरक्षण कक्षाची माणसं आली. लग्न थांबलं. करिष्माला ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे घेऊन गेले.

सोमवारी सयाजीराव अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. गाणं म्हणणारी मुलं गप्प झाली.

“फोन कोनी केला, बाई?”

हेल्पलाइनवाले फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, हे साधनाला माहीत होतं.

“पोरीच्या आईनंच केला आसंल. बघतो तिच्याकडं.”

“तिने नाही,” साधना म्हणाली. “मी केला.”

सयाजीराव हळू आवाजात म्हणाले, “खोली खाली करा.”

अंगणवाडी आता शाळेच्या व्हरांड्यात भरते. करिष्मा वसतिगृहात राहून दहावी करतेय. तिची आई वाटेत भेटली तर बोलत नाही, नुसती क्षणभर थांबते. आणि मागून येणारी एखादी गाडी हळू झाली की साधना अजूनही आपल्या पोरांचे हात घट्ट धरते.